रंगाचे पाणी आणि उन्हात चालणारी पूड

चादरी-टॉवेलच्या धंद्यात आम्हा सोलापूरकरांचे भांडवल म्हणजे पक्का रंग. पण धुण्यात न जाणारा रंग सांडपाण्यातही सहजी जात नाही. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिरुपूरची डाईंग युनिटे बंद करायला लावली, ती सांडपाण्यापायीच.

सध्या एका नव्या उपायाची चर्चा आहे. टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे पेंटमधली पांढरी पूड, पाण्यात घालून ऊन दिले की रंगाचे रेणू तुटतात. मात्र तिला अतिनील किरणच लागतात आणि उन्हात ते जेमतेम पाच टक्के. म्हणून तिच्या अतिसूक्ष्म कणांना दुसऱ्या पदार्थाची जोड देतात, म्हणजे साधा उजेडही कामी येतो. हेच नॅनोकंपोझिट.

सोलापुरात उन्हाला काय तोटा! पण गडद पाण्यात ऊन शिरत नाही, पूड परत गाळून घेणे जिकिरीचे, आणि मीठ तर पाण्यातच राहते. आमच्या मते नेहमीच्या प्रक्रियेनंतर शेवटच्या टप्प्यालाच ही पूड ठीक. कोणी विकायला आला तर चाचणी आपल्याच हौदातल्या पाण्यावर करून घ्या. पाणी निवळ दिसले म्हणून पैसे मोजू नका, सीओडी किती उतरला ते विचारा. रंग गेला तरी त्याचे तुकडे मागे राहू शकतात, आणि काही अझो रंगांचे तुकडे मूळ रंगाहून घातक असतात.