अदृश्य महाजाल

अदृश्य महाजाल म्हणजे आंतरजालाचा असा भाग, जो गूगलसारख्या शोधयंत्रांच्या सूचीत येत नाही. त्याचे डीप वेब आणि डार्क वेब असे दोन स्तर मानले जातात. बोलण्यात, आणि कित्येकदा वृत्तपत्रांतही, हे दोन शब्द समानार्थी समजले जातात. हा समज चुकीचा आहे. डीप वेब निरुपद्रवी असून नांदेड-लातूरकडील शेतकरी, विद्यार्थी व बँकेचे खातेदार त्याचा नित्य वापर करतात. डार्क वेब हा त्यातीलच एक लहानसा कोपरा आहे आणि तेथे जाण्यासाठी विशेष साधन लागते.

डीप वेब

शोधयंत्राचा प्रोग्राम एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जातो आणि वाचलेल्या पानांची सूची करत राहतो. ज्या पानाकडे कोणताही दुवा जात नाही, जे परवलीच्या शब्दामागे आहे किंवा जे कोणी माहिती भरल्यावरच तयार होते, अशा पानापर्यंत तो पोहोचत नाही.

सातबारा उतारा हे याचे उत्तम उदाहरण होय. महाभूलेख या शासकीय संकेतस्थळावर विभाग, जिल्हा, तालुका व गाव निवडून गट क्रमांक दिला की उतारा समोर येतो. अहमदपूर किंवा कंधार तालुक्यातील एखाद्या गटाचा क्रमांक गूगलमध्ये टाकून मात्र तो सापडत नाही, कारण विचारणा होईपर्यंत ते पान अस्तित्वातच नसते. परीक्षेचा बैठक क्रमांक दिल्यावर दिसणारा निकाल, डिजिलॉकरमधील गुणपत्रिका, बँकेच्या खात्याचा तपशील आणि खाजगी ईमेल ही सारी डीप वेबचीच अंगे होत. ती दडलेली असण्यातच नागरिकाचे हित आहे.

या भागाला प्रथम ‘इनव्हिजिबल वेब’ असे म्हटले गेले. पुढे मायकेल बर्गमन यांनी २००१ मध्ये ‘डीप वेब’ ही संज्ञा रूढ केली आणि हा भाग दृश्य महाजालाच्या ४०० ते ५५० पट असल्याचा अंदाज मांडला. हा जुना अंदाज आजही हिमनगाच्या चित्राखाली छापला जातो. त्या चित्रात पाण्याखालचा सारा भाग काळाकुट्ट दाखवतात आणि तेथूनच गैरसमजाला सुरुवात होते.

डार्क वेब

डार्क वेबवरील संकेतस्थळे नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडत नाहीत. त्यांच्यासाठी बहुधा टॉर ही प्रणाली वापरतात. तिच्यामागील तंत्राचा विकास १९९० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत झाला. टॉरची पहिली चाचणी आवृत्ती २००२ मध्ये आली.

तिचे तत्त्व टपालाच्या भाषेत सहज समजते. एक पत्र एकात एक अशा तीन लखोट्यांत घातले आहे आणि ते तीन जासुदांच्या हातून जायचे आहे, अशी कल्पना करावी. पहिला जासूद बाहेरचा लखोटा फोडतो. त्याला आत फक्त दुसऱ्या जासुदाचा पत्ता मिळतो. दुसऱ्यालाही तसाच तिसऱ्याचा पत्ता मिळतो. पत्र कोणी दिले हे पहिल्याला ठाऊक असते, पण ते कोठे चालले हे ठाऊक नसते. तिसऱ्याला ठिकाण कळते, पण पाठवणारा कळत नाही. कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे उलगडणाऱ्या या रचनेमुळे या पद्धतीला ‘अनियन राउटिंग’ असे नाव पडले.

ही निनावी अवस्था शोधपत्रकारांना आणि दडपशाहीखाली राहणाऱ्या नागरिकांना उपयोगी पडते. बीबीसीने २०१९ मध्ये आपल्या वार्तांची आवृत्ती टॉरवर उपलब्ध केली. त्याच आडोशाने अमली पदार्थ, चोरलेली कार्डे आणि व्यक्तिगत माहिती यांचा बाजारही भरतो. २०११ मध्ये सुरू झालेला ‘सिल्क रोड’ हा असा बाजार ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकी तपासयंत्रणेने बंद पाडला. त्याचा चालक सॅन फ्रान्सिस्कोतील एका सार्वजनिक ग्रंथालयात, लॅपटॉप उघडा असतानाच पकडला गेला. लखोटे शाबूत राहिले तरी माणसाच्या चुका त्याला उघडे पाडतात.

भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे ८१.५ कोटी नागरिकांची आधार व पारपत्राशी संबंधित माहिती डार्क वेबवर विक्रीस असल्याचा दावा एका अमेरिकी सुरक्षा कंपनीने केला होता.

२०२४ च्या परीक्षा आणि मराठवाडा

वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी लातूर व नांदेड येथे दरवर्षी मोठ्या संख्येने विद्यार्थी येतात. त्यामुळे ‘पेपर डार्क वेबवर फुटला’ ही वार्ता येथे विशेष धास्ती निर्माण करते. १८ जून २०२४ रोजी झालेली यूजीसी-नेट परीक्षा दुसऱ्याच दिवशी रद्द करण्यात आली. तिला नऊ लाखांहून अधिक परीक्षार्थी बसले होते. प्रश्नपत्रिका डार्कनेटवर आढळल्याचे केंद्रीय शिक्षणमंत्र्यांनी सांगितले. सीबीआयच्या तपासात मात्र वेगळेच निघाले: टेलिग्रामवर फिरलेल्या प्रश्नपत्रिकेच्या चित्रात फेरफार करून ते परीक्षेपूर्वीचे असल्याचे भासवले गेले होते. फेरपरीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झाली.

त्याच सुमारास, नीट परीक्षेच्या प्रकरणात दहशतवादविरोधी पथकाच्या नांदेड शाखेच्या तक्रारीवरून लातूर येथे चौघांविरुद्ध गुन्हा नोंदला गेला आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला. पैसे घेऊन गुण वाढवून देण्याच्या आमिषाचा आरोप असलेल्या या प्रकरणात पोलिसांना मिळालेली प्रवेशपत्रे साध्या मोबाइलमध्ये होती. पालकाला गाठण्यासाठी दलालाला टॉर लागत नाही, व्हॉट्सॲप पुरते.

तारीख छापलेले चित्र हा पुरावा नव्हे. संदेशातील मजकूर व वेळ दोन्ही बदलता येतात, आणि प्रश्नपत्रिका विकणाऱ्याकडे बहुधा विकण्याजोगे काहीच नसते. पैसे गेल्यावर तक्रार करण्याची पालकाला लाज वाटते, हेच त्याचे खरे भांडवल होय.

कायदा व तक्रार

भारतात टॉर वापरणे हा स्वतंत्र गुन्हा नाही. त्याद्वारे केलेले कृत्य गुन्हा ठरू शकते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार दुसऱ्याचा पासवर्ड वा ओळख वापरणे कलम ६६-सी खाली आणि संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणे कलम ६६-डी खाली येते. कलम ६७-बी अधिक कठोर आहे: बालकांच्या लैंगिक शोषणाचे साहित्य प्रसारित करणेच नव्हे, तर ते शोधणे, पाहणे किंवा उतरवून घेणेही शिक्षापात्र आहे. त्यामुळे ‘नुसते कुतूहल म्हणून पाहिले’ हा बचाव येथे टिकत नाही.

आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तक्रार करता येते. ती जितक्या लवकर होईल, तितकी रक्कम पुढील खात्यातच गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर बालकांच्या लैंगिक शोषणाच्या साहित्याविषयीची तक्रार स्वतःचे नाव न देताही नोंदवता येते.