जुना कॅमेरा, जुनी लेन्स

नवा कॅमेरा बाजारात आला की जुन्याबरोबर त्याच्या लेन्सही निकामी झाल्या, असा समज सर्रास आढळतो. कॅमेऱ्याबाबत तो बराचसा खरा आहे. सेन्सर (प्रकाशाचे विद्युतसंकेतांत रूपांतर करणारी चकती) आणि प्रक्रिया करणारी चिप दर काही वर्षांनी सुधारतात, त्यामुळे कॅमेऱ्याची किंमत लवकर उतरते. लेन्स मात्र काचेची असते, आणि काचेचे नियम बदललेले नाहीत.

दोघांना जोडतो तो माउंट (लेन्स बसवण्याची धातूची कडी). घरातल्या दिव्याचा होल्डर आठवा: पिवळा बल्ब गेला, सीएफएल आला, मग एलईडी, होल्डर तोच राहिला. निकॉनने 1959 साली आणलेला एफ माउंट असाच डिजिटल काळातही टिकला.

2018 मध्ये निकॉनने मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांसाठी झेड माउंट आणला. त्यात माउंट ते सेन्सर हे अंतर 16 मिलिमीटर आहे. एफमध्ये ते 46.5 होते. मधल्या मोकळ्या जागेत अडॅप्टर (जोडकडी) मावतो, म्हणून जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालते. पण सगळी कामे करतेच असे नाही. फोकससाठी कॅमेऱ्यातल्या मोटरवर अवलंबून असलेल्या लेन्सना निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर हातानेच फोकस करावे लागते.

आपल्याकडे, विशेषतः कोकणात, लेन्सची किंमत नव्या तंत्रज्ञानापेक्षा पावसाळ्यातली बुरशीच जास्त पाडते. जुनी लेन्स घेताना ती उजेडासमोर धरून आतली काच आधी पाहावी.