एका पियानोभोवतीची ५३ वर्षं

१३ जुलै १९५५ रोजी अमेरिकेतल्या टँगलवुडच्या महोत्सवात ‘बो आर्ट्‌स ट्रिओ’ पहिल्यांदा रसिकांसमोर आला. व्हायोलिनवर डॅनिएल गिले, संवाहक तोस्कानिनींच्या वाद्यवृंदातले मुख्य व्हायोलिनवादक. चेलोवर बर्नार्ड ग्रीनहाउस, चेलोवादक पाब्लो कासाल्स यांचे शिष्य. पियानोवर मेनाहेम प्रेसलर, तिघांत सर्वांत धाकटे. १९३९ साली नाझी जर्मनीतून कुटुंबासह निसटलेले.

तोवर असे ट्रिओ, म्हणजेच वादकांच्या त्रयी, बहुधा नामवंत एकलवादकांनी सवडीने जमवलेल्या असत. या तिघांनी मात्र त्रयी हेच आपलं मुख्य काम मानलं. वाजवताना प्रेसलर यांची मान सारखी सोबत्यांकडे वळे. गज कधी उचलला जातोय ते पाहून त्यांची बोटं खाली येत.

त्यांचं सर्वांत मोठं काम संगीतकार हायडनचं. या तीन वाद्यांसाठीच्या रचनांनाही त्रयीच म्हणतात. हायडनच्या त्रयींमध्ये चेलो बराच वेळ पियानोच्या डाव्या हाताचेच स्वर वाजवतो. स्वरलिपी पाहिली तर चेलोवादकाला कामच नाही असं वाटावं. पण पियानोचा स्वर उमटताक्षणी विरू लागतो. चेलो तोच स्वर धरून ठेवतो. ग्रीनहाउस यांनी हे दुय्यम वाटणारं काम वर्षानुवर्षं जीव ओतून केलं. ‘फिलिप्स’ या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी केलेल्या हायडनच्या त्रयींच्या संचाला ‘ग्रामोफोन’ मासिकाने वर्षातली सर्वोत्तम ध्वनिमुद्रिका ठरवलं.

पुढे माणसं बदलत गेली. १९६०च्या दशकाअखेर गिले यांच्या जागी इसिडोर कोहेन आले. १९८७मध्ये ग्रीनहाउस थांबले आणि पीटर वायली आले. नंतर आयडा कवाफियान, यंग अक किम, अंतोनियो मेनेझेस, डॅनिएल होप. पियानोवर मात्र कायम प्रेसलरच. नवा वादक आला की जुनीच रचना ते त्याच्याबरोबर नव्याने बसवत. म्हणूनच नाव टिकलं आणि वादन शिळं झालं नाही.

व्हायोलिनवादक होप यांनी एकलवादनासाठी त्रयी सोडायचं ठरवलं, तेव्हा प्रेसलर यांनी नवा व्हायोलिनवादक शोधला नाही. सप्टेंबर २००८मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लुत्सर्नला त्रयीची शेवटची मैफल झाली. प्रेसलर स्वतः मात्र वाजवत राहिले, नव्वदीत बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबरही त्यांनी वाजवलं. ६ मे २०२३ रोजी, ९९व्या वर्षी ते गेले.

ही त्रयी अजून ऐकली नसेल, तर हायडनच्या ‘जिप्सी राँडो’ या रचनेपासून सुरुवात करा. पियानो आपोआप ऐकू येईल. कान चेलोकडे ठेवा.