सरपण आणि त्याची हत्यारे

सरपण फोडणे हे अंगमेहनतीचे काम, त्यात शिकावयाचे ते काय, असे पुष्कळ विद्यार्थी म्हणतात. परंतु गॅस आला तरी आपल्या जिल्ह्यातील कित्येक घरी अंघोळीचे पाणी अद्यापि लाकडांवरच तापते, आणि कुऱ्हाड चुकली तर ती पायावरच येते. यास्तव चार शब्द लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

बाभळीच्या काटेरी फांद्या हाताने ओढू नयेत. लांब काठीच्या आकडीने ओढून बेळक्याने दाबून धराव्या व कोयत्याने साळाव्या. मोळी दोन ठिकाणी दोराने आवळावी व डोक्यावर चुंबळ घेऊन मगच उचलावी.

जाड ओंडका आडवा कापण्यास करवत बरी. उभे फोडण्यास मात्र कुऱ्हाड. कारण लाकूड आपल्या रेषांच्या दिशेने सहज फाटते. गाठ असेल तेथे घाव न घालता शेजारच्या भेगेत लोखंडी पाचर बसवून घणाने ठोकावी. पाचर वर रुंद होत गेल्यामुळे खाली दिलेला जोर दोहों बाजूंस वळतो व भेग वाढते. शाळेत शिकविलेले साधे यंत्र ते हेच! घावापूर्वी दांडा नेढ्यात हलतो की काय, हे पाहावे. लाकूड ठोकळ्यावर ठेवून पाय फाकून उभे राहावे व लहान मुलांस दूर करावे. बोथट कुऱ्हाड निसटते, म्हणून तीच अधिक घातक होय.

ओल्या लाकडाचे जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असू शकते. ते पाणी आटविण्यातच उष्णता खर्ची पडते, आणि धुराने डोळे चुरचुरतात ते आपल्या आईचे. म्हणून फोडलेली लाकडे दगडांवर, मध्ये वारा खेळेल अशी रचावी. वर पत्रा घालावा, बाजू मोकळ्या ठेवाव्या. ढिगात विंचू किंवा फुरसे दडते. हात घालण्यापूर्वी काठीने लाकडे हलवावी.

आपल्याच जिल्ह्यात राळेगणसिद्धी व हिवरे बाजार या गावांनी कुऱ्हाडबंदीचा नियम केला. हिवरे बाजारचे हे कार्य १९८९ साली सरपंच झालेल्या श्री. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने झाले. तेथील उघड्या टेकड्या पुन्हा हिरव्या झाल्या. या नियमाचा रोख कुऱ्हाडीवर नसून उभे झाड तोडणाऱ्या हातावर आहे. वाळलेले लाकूड फोडावे, जिवंत झाड राखावे, एवढा विवेक ज्याच्या ठायी आहे, त्याच्याच हाती हत्यार शोभते.