झेब्रा फिंच : जन्मजात वेगळेपण आणि नंतर आलेले

झेब्रा फिंच हा ऑस्ट्रेलियातील कोरड्या माळरानांवरचा पक्षी. लांबी जेमतेम चार इंच, वजन बारा-तेरा ग्रॅम, खाणे मुख्यतः गवताचे बी. कुळाने तो मुनियांचा भाऊबंद आहे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात, बाभळी-बोरींच्या झुडपांतून आणि कापणीला आलेल्या बाजरीतून थव्याने फिरणारी पांढऱ्या कंठाची मुनिया त्याच कुळातली. दोघांचा आकार, बी सोलणारी जाड चोच, एकमेकांना चिकटून बसण्याची सवय सारखीच. फरक असा की शेतातल्या मुनिया एकीसारखी दुसरी दिसतात, आणि पिंजऱ्यातले झेब्रा फिंच मात्र पांढरे, बदामी, चट्टेदार, तुरेवाले, काळ्या गालांचे असे कितीतरी रूपांत आढळतात.

कारण साधे आहे. रानात थव्यातला वेगळा दिसणारा पक्षी शिक्र्याच्या नजरेत लवकर भरतो. शिवाय दुर्मीळ जनुक बाळगणारे दोन पक्षी मोठ्या संख्येत एकमेकांना क्वचितच भेटतात. पिंजऱ्यात शिक्रा नसतो, आणि एकाच घरातल्या भावंडांच्या जोड्या लागतात. ऑस्ट्रेलियाने १९६० च्या सुमारास आपल्या पक्ष्यांची व्यापारी निर्यात बंद केली. तेव्हापासून जगभरात विकले जाणारे झेब्रा फिंच पिंजऱ्यातच वाढलेल्या पिढ्यांचे आहेत.

वेगळेपण ओळखायचे तर मूळ रूप नीट माहीत हवे. नराचे गाल नारिंगी, कुशी तांबूस आणि त्यांवर पांढरे ठिपके, गळ्यावर बारीक काळ्या-पांढऱ्या रेघा आणि त्यांच्याखाली छातीवर काळा पट्टा. मादी यातले काहीही न मिरवता राखाडीच राहते. डोळ्याखालची काळी रेघ आणि शेपटीवरचे काळे-पांढरे पट्टे दोघांनाही असतात. नराची चोच लालभडक, मादीची नारिंगी. पिल्लांची चोच काळी असते आणि दुसऱ्या महिन्यात ती रंग घेऊ लागते. काळ्या चोचीचा पक्षी म्हणजे वेगळी जात असे समजून जास्त पैसे मोजणाऱ्याच्या हातात लहान पिल्लू पडते, एवढेच.

पिसांचे रंग दोन प्रकारच्या मेलॅनिनमधून येतात. एक काळा-राखाडी, दुसरा तपकिरी-तांबूस. बहुतेक वेगळी रूपे यांपैकी एकाच्या कमी-जास्त होण्याने घडतात. बदामी रंगाच्या पक्ष्यात काळ्याची जागा तपकिरी घेते. पांढऱ्या पक्ष्यात पिसांना रंग मिळतच नाही, पण डोळे काळे राहतात, म्हणून त्याला अल्बिनो म्हणणे चूक आहे. चट्टेदार पक्ष्यात रंग काही भागांपर्यंतच पोचतो आणि प्रत्येकाचे चट्टे वेगळे असतात. ‘पेंग्विन’ या रूपात गळ्यावरच्या रेघा आणि छातीचा पट्टा जाऊन पोट पांढरेशुभ्र होते. काळ्या गालांच्या रूपात नारिंगी गाल काळे होतात, तर नारिंगी छातीच्या रूपात काळा पट्टा नारिंगी होतो.

पांढऱ्या पक्ष्यांत नर-मादी ओळखायला गाल आणि पट्टे उपयोगी पडत नाहीत. तिथे चोचीचा रंग पाहावा लागतो, आणि खात्री हवी असेल तर गाणे ऐकावे. या जातीत नरच गातो.

आनुवंशिकतेचा हिशेब इथे माणसाच्या उलट चालतो. पक्ष्यांत नराची दोन लिंगगुणसूत्रे सारखी असतात, मादीची वेगवेगळी. बदामी रंगाचे जनुक लिंगगुणसूत्रावर आहे आणि ते अप्रभावी आहे. त्यामुळे बदामी नर आणि राखाडी मादी अशी जोडी लावली की सगळ्या मुली बदामी निघतात आणि सगळे मुलगे राखाडी. पिसे फुटताच पिल्लाचे लिंग कळते. मुलगे दिसायला राखाडी असले तरी बदामीचे जनुक वाहून नेतात. पाळणारे अशा पक्ष्याला ‘स्प्लिट’ म्हणतात. हीच जोडी उलटी, म्हणजे बदामी मादी आणि शुद्ध राखाडी नर अशी लावली तर एकही पिल्लू बदामी निघत नाही. मादी बदामीची ‘स्प्लिट’ असूच शकत नाही, कारण ते जनुक तिच्याकडे असेल तर ती बदामीच दिसते. विक्रेता बदामीला स्प्लिट म्हणून राखाडी मादी देऊ लागला तर तो चुकतो आहे किंवा फसवतो आहे.

डोक्यावर तुरा असलेल्या फिंचबद्दल अधिक काळजी घ्यायला हवी. तुऱ्याचे जनुक प्रभावी आहे, एकाच पालकाकडून आले तरी पुरते. दोन्ही पालकांकडून आले तर मात्र गर्भ अंड्यातच मरतो. म्हणून तुरेवाल्याची जोडी बिनतुऱ्याच्या पक्ष्याशीच लावतात. दोन तुरेवाले एकत्र ठेवले तर सरासरी चौथा हिस्सा अंडी वाया जातात आणि पाळणारा बिचारा मादीला दोष देत बसतो.

चोचीच्या रंगाचे गणित वेगळे. तो मेलॅनिनचा नसून कॅरोटिनॉइडचा असतो. बियांतून मिळणारे पिवळे कॅरोटिनॉइड पक्ष्याचे शरीर लाल रूपात बदलते. काही झेब्रा फिंचची चोच आणि पाय पिवळेच राहतात. हा बदल घडवणाऱ्या एन्झाइमची जनुके त्यांच्यात बिघडलेली असतात, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळले.

सर्वांत विलक्षण रूप कोणत्याही जोडीतून मुद्दाम काढता येत नाही. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ मध्ये एका झेब्रा फिंचचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याची उजवी बाजू नराची होती, म्हणजे नारिंगी गाल आणि ठिपकेदार कूस. डावी बाजू मादीची, साधी राखाडी. शरीरात उजवीकडे वृषण आणि डावीकडे अंडाशय निघाले. तो पक्षी गात होता. मेंदूतील गाण्याचे केंद्र उजव्या बाजूला अधिक नरासारखे होते. दोन्ही अर्ध्या भागांतून रक्त एकच वाहत होते, म्हणजे संप्रेरकेही तीच पोचत होती. तरीही फरक टिकला, याचा अर्थ पेशींतली गुणसूत्रे स्वतःही मेंदू घडवतात. पक्ष्यांच्या लिंगभेदाबद्दलची समजूत एका छोट्या पक्ष्याने बदलली.

इथवरची सारी रूपे जन्मतः येतात आणि आयुष्यभर टिकतात. त्यांचा त्रास पक्ष्याला सहसा होत नाही. काल राखाडी असलेला पक्षी आज वेगळा दिसू लागला तर गोष्ट निराळी असते. पाळणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारायला हवा : हे जन्मापासून आहे की नंतर आले?

नंतर आलेल्या बदलांत टक्कल सर्वाधिक दिसते. दाटीवाटीत ठेवलेले पक्षी एकमेकांची पिसे उपटतात, विशेषतः घरट्यासाठी गवत-काथ्या मिळत नसेल तेव्हा. डोके आणि मान आधी उघडी पडते. पक्षी वेगळे करून जागा वाढवली की काही आठवड्यांत पिसे परततात. पायांवर आणि चोचीच्या मुळाशी खपल्या धरल्या तर ते बारीक किडींचे काम असते. घरगुती तेल चोळण्यापेक्षा पक्ष्यांच्या डॉक्टरचे औषध लवकर गुण देते. नखे वाढून वळली असतील तर दोष गुळगुळीत, एकसारख्या जाडीच्या काठ्यांचा. पेरूची किंवा कडुलिंबाची वेडीवाकडी फांदी पिंजऱ्यात लावली की नखे आपोआप झिजतात.

पिसे काळपट पडणे हे आहाराचे आणि उजेडाचे लक्षण असू शकते. अंधाऱ्या खोलीत, एकाच धान्यावर ठेवलेल्या पक्ष्याची पिसे गळून नवी येताना गडद येतात. पिंजऱ्यातल्या लाल मुनियांत हा बदल युरोपातल्या पाळणाऱ्यांनी फार पूर्वीच टिपला होता. उजेड आणि खाणे सुधारले की पुढच्या पिसगळीत रंग परततो. म्हणून ‘काळा फिंच’ विकत घेताना तो जन्मापासून काळा आहे का, हे विचारलेले बरे.

फिकट चोचही बोलते. अंडी घालून पिल्ले वाढवणाऱ्या मादीच्या चोचीचा रंग उतरतो, ते स्वाभाविक आहे. नराची चोच फिकी पडणे मात्र आहारात काही उणे असल्याचे किंवा आजाराचे चिन्ह असते. ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले की कॅरोटिनॉइड जास्त मिळालेल्या नरांची चोच अधिक लाल होते, त्यांची रोगप्रतिकारशक्ती वाढते, आणि माद्याही त्यांनाच पसंत करतात. राळा, बाजरी, वरई यांच्या जोडीला कोथिंबीर किंवा पालकाचे धुतलेले पान, उकडलेल्या अंड्याचा चुरा आणि चुन्यासाठी समुद्रफेस एवढे मिळाले तर चोच ठीक राहते. जुन्नर-आंबेगावात हे धान्य शोधायला लांब जावे लागत नाही. पूर्वेला बाजरी पिकते, आणि पश्चिमेच्या डोंगराळ गावांत वरई-नाचणी.

वागण्यातल्या लकबींकडे पाहिले तर हा पक्षी आणखी नवल करतो. बहुतेक पक्षी चोचीत पाणी घेऊन मान वर करतात. झेब्रा फिंच पारव्यासारखा चोच बुडवून सलग पाणी ओढतो. जोडी घरट्यात अंडी घालते, मग त्यांच्यावर गवत पसरते आणि वर पुन्हा अंडी घालते. खालची अंडी गाडली जातात. घरट्याचे सामान न संपणारे असले की असे होते. पहिली तीन-चार अंडी आल्यावर पिंजऱ्यातले गवत काढून घेतले की हा प्रकार थांबतो.

पिल्लू आ करते तेव्हा टाळूवर काळे ठिपके दिसतात. काही वाणांत ते नसतात. जर्मन पक्षीशास्त्रज्ञ क्लाउस इमेलमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही प्रकारची पिल्ले एकत्र वाढवून पाहिली, तेव्हा ठिपके असलेल्यांना खाणे मिळण्यात फायदा झाला. घरट्यातले एखादे पिल्लू मागे पडत असेल तर त्याच्या टाळूकडे एकदा पाहावे.

गाण्याचा भाग सर्वांत समृद्ध आहे. नर पिल्लू साधारण पंचविसाव्या ते नव्वदाव्या दिवसांदरम्यान गाणे शिकते, बहुधा बापाकडून. आधी अस्पष्ट बडबड, मग जुळवाजुळव, आणि मग एक ठरलेले गाणे. ते आयुष्यभर बदलत नाही. म्हणून प्रत्येक नराचे गाणे वेगळे असते, आणि घराण्याची छाप त्यात ओळखू येते. शिकागो विद्यापीठात २००० मध्ये दिसले की दिवसा गाताना मेंदूतल्या पेशी ज्या क्रमाने पेटतात, तोच क्रम झोपेत पुन्हा उमटतो.

बाप नसेल तर गाणे बिघडते. एकट्याने वाढलेला नर लांबलेले, खरखरीत, विस्कळीत सूर काढतो. हा आजार नाही, शिकवणारा मिळाला नाही एवढेच. २००९ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या प्रयोगात अशा बिघडलेल्या गाण्याच्या नरांना शिष्य दिले गेले, मग त्या शिष्यांना शिष्य. प्रत्येक पिढीने गाणे थोडे सुधारले आणि तीन-चार पिढ्यांत ते रानातल्या गाण्याच्या जवळ आले.

पिल्ले बंगाली फिंचखाली वाढवली तर ती बंगाली फिंचचे गाणे उचलतात, आणि मोठे झालेले नर बंगाली फिंचच्या माद्यांच्या मागे लागतात. हेही इमेलमान यांनीच दाखवले. बंगाली फिंच म्हणजे पांढऱ्या पाठीच्या मुनियेचा जपानात माणसाळवलेला वाण. तिची रानटी बहीण आंबेगावात, भीमाशंकरच्या जंगलात आजही आहे. झेब्रा फिंचची अंडी बंगाली फिंचखाली ठेवण्याची सोय पाळणाऱ्यांत लोकप्रिय आहे. तिचा हा परिणाम मात्र ध्यानात घ्यायला हवा.

ऑस्ट्रेलियातील डीकिन विद्यापीठाच्या माइलीन मारिएट आणि कॅथरीन ब्युकॅनन यांनी २०१६ मध्ये ‘सायन्स’मध्ये आणखी एक गोष्ट मांडली. हवा २६ अंशांवर गेली की उबवणारे पालक अंड्यांतल्या पिल्लांना एक विशिष्ट हाक घालतात, तीही उबवणीच्या शेवटच्या दिवसांत. ती हाक ऐकलेली पिल्ले उष्ण घरट्यात कमी वाढतात. लहान शरीर उष्णता लवकर सोडते. चैत्र-वैशाखात पत्र्याखालच्या पिंजऱ्यातली पिल्ले लहान राहिली तर त्यामागे केवळ कुपोषण असेल असे नाही. अर्थात पत्र्याखाली पिंजरा ठेवूच नये, हे वेगळे सांगायला नको.

शेवटचा प्रकार रूपाचा नसून फसवणुकीचा आहे. झेब्रा फिंचच्या पिसांत हिरवा, निळा, पिवळा किंवा गुलाबी रंग कधीच येत नाही. जनुकांनी काहीही केले तरी मेलॅनिनमधून ते रंग निघत नाहीत. असा फिंच कोणी दाखवला तर तो रंगवलेला आहे. बरेचदा तो झेब्रा फिंचही नसतो, तर जाळ्यात पकडलेली रानातली मुनिया असते. भारतातल्या पक्षीबाजारांचा अभ्यास करणाऱ्यांनी मुनियांना रंग लावून विकण्याचा प्रकार नोंदवला आहे. रंग चोचीच्या कडेला आणि पायांवर सांडलेला दिसतो, पिसांच्या मुळाशी मात्र मूळ तपकिरी उरतो, आणि पहिल्या पिसगळीत सोंग उतरते. तोवर ती मुनिया जिवंत असेलच असे नाही.

झेब्रा फिंच परदेशी आणि पिंजऱ्यात जन्मलेला असल्यामुळे तो पाळता येतो. पांढऱ्या कंठाची, ठिपकेवाली, लाल किंवा इतर कोणतीही देशी मुनिया पकडणे, विकणे आणि पाळणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. सुगरणीच्या जुन्या खोप्यात संसार मांडणाऱ्या मुनियेची जागा त्या खोप्यातच आहे. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. आठवडे बाजारात किंवा जत्रेत रंगवलेले अथवा पकडलेले पक्षी विकताना कोणी दिसले तर ते विकत घेऊन सोडवण्याच्या मोहात पडू नका, त्याने पुढची जाळी लागतात. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.