सेंद्रिय संश्लेषण : कार्याकडून कारणाकडे

दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत रसायनांचे व औषधद्रव्यांचे कारखाने आहेत. शिरूर-दौंड परिसरातील आपली मुले तेथे पिंपे उचलतात. प्रक्रिया आखणाऱ्यांतही ती असावीत, या इच्छेने आम्ही या विषयाचा अल्प परिचय करून देत आहोत.

साध्या कार्बनी रेणूंपासून हवा तो जटिल रेणू पायरीपायरीने घडविणे म्हणजे सेंद्रिय संश्लेषण. एम.एस्सी.चा विद्यार्थी मात्र विचार उलट दिशेने करावयास शिकतो. ही पद्धत शास्त्रशुद्ध मांडणारे ई. जे. कोरी यांना १९९० चा नोबेल पुरस्कार मिळाला. पॅरासिटामॉलचे उदाहरण घेऊ. त्यातील अमाइड बंध मनाने तोडला की पॅरा-अमिनोफिनॉल दिसते; ते पॅरा-नायट्रोफिनॉलच्या क्षपणातून मिळते, आणि नायट्रोफिनॉल फिनॉलपासून. भगवान बुद्धांनी दुःखाचा शोध असाच कार्याकडून कारणाकडे घेतला.

प्रत्येक पायरीत ८० टक्के उत्पादन मिळाले, तरी दहा पायऱ्यांअखेर जेमतेम ११ टक्के उरते. म्हणून येथे पाठांतर अपुरे पडते. इलेक्ट्रॉन कोठून कोठे जातात हे जाणून, कमी पायऱ्यांचा आणि कमी सांडपाण्याचा मार्ग शोधावा लागतो.

बारावी विज्ञान, रसायनशास्त्राची पदवी, विद्यापीठात एम.एस्सी. आणि पुढे संशोधन, अशी ही वाट आहे. १९५० साली स्थापन झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा पुण्यातच आहे. या वाटेवर निघालेल्या एकेका मुलामुलीचा हात माजी विद्यार्थ्यांनी धरावा, ही नम्र विनंती.