‘बहुधा’ला कोड नसतो

सकाळी ७ : डोंबिवलीहून ठाणे, तिथे गाडी बदलून ऐरोली. मी मेडिकल कोडर : डॉक्टरांच्या नोंदी वाचून आजारांना आणि उपचारांना बिलासाठी कोड द्यायचे.

८.३० : मोबाइल लॉकरमध्ये. वही-पेनसुद्धा आत नेता येत नाही. पडद्यावर अमेरिकेतल्या रुग्णांची खासगी माहिती असते, आणि तिथला १९९६ चा ‘हिपा’ कायदा कडक आहे.

९ : पहिला चार्ट. टाइप २ मधुमेह, उच्च रक्तदाब, किडनीचा जुनाट आजार, स्टेज ३बी. नवखा कोडर तिन्ही आजार सुटे टाकतो. पण डॉक्टरांनी वेगळं कारण लिहिलेलं नसेल, तर आयसीडी-१०-सीएम या आजारांच्या कोडसंचाच्या नियमाने मधुमेह आणि रक्तदाब या दोघांचाही किडनीशी संबंध धरायचा. म्हणजे ई११.२२, आय१२.९, एन१८.३२.

११.३० : ओपीडीतला रुग्ण, खोकला आणि ताप. डॉक्टरांचा शेरा : ‘बहुधा न्यूमोनिया’. अँटिबायोटिकही दिलंय. मी बी. फार्म., औषध पाहून मला कळतंच. पण निदान करणं माझं काम नव्हे. ओपीडीत ‘बहुधा’ला कोड नाही. खोकला आर०५.९, ताप आर५०.९, पुढचा चार्ट.

१ : डबा. नवी आलेली बीएचएमएस मुलगी विचारते, “ताई, कोडिंगची सीपीसी परीक्षा देऊ का?” देच, म्हटलं. १०० प्रश्न, ४ तास, पास व्हायला ७० टक्के. कोडची पुस्तकं जवळ ठेवता येतात, पण शोधायची सवय नसेल तर वेळ पुरत नाही. पास झालीस तरी पुरेसा अनुभव होईपर्यंत सीपीसीपुढे उमेदवारीचा ‘ए’ लागतोच.

३.३० : ऑडिटर मॅडम बोलावतात. गुडघ्यात इंजेक्शन दिलेला चार्ट. इंजेक्शनचा कोड २०६१० बरोबर होता. शिवाय मी तपासणीचा ९९२१३ लावून त्याला ‘तपासणी वेगळी झाली’ असं सांगणारा मॉडिफायर २५ जोडला होता. “वेगळी तपासणी कुठे लिहिलीये, दाखव.” कुठेच नव्हती. इंजेक्शन द्यायचं म्हणजे डॉक्टरांनी तपासलंच असेल, हे मी मनानेच धरलं होतं. सकाळचा ‘बहुधा’ दुसऱ्याचा होता म्हणून दिसला. हा माझा होता. चूक मान्य. आमच्याकडे ९५ टक्के अचूकता लागते.

६ : लॉगआउट. दर १ ऑक्टोबरला आयसीडीचे आणि १ जानेवारीला सीपीटीचे, म्हणजे उपचारांचे, कोड बदलतात, त्यामुळे परतीच्या गाडीत अभ्यास ठरलेला.

या कामात यायचं असेल, तर क्लासची फी भरण्याआधी शरीररचनेचं पुस्तक घेऊन सलग दोन तास बसून पाहा. कंटाळा आला, तर फी वाचली.